‘वेल’: एका लग्नपत्रिकेसाठी काढलेल्या नाजूक देवनागरीच्या नोंदी

८ जुलै २०२४

कोथरूडच्या काकूंकडून काम आलं. धाकट्या मुलीचं लग्न डिसेंबरात आहे. मुलाकडची मंडळी बंगळूरची, म्हणून पत्रिका दोन भाषांत हवी: डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी. जाड कॉटनचा कागद, त्यावर सोनेरी फॉइल, बाकी काही नाही. गणपतीसुद्धा फक्त रेषेचा.

इंग्रजी बाजू मुलीने आधीच पक्की करून ठेवली आहे. ती स्नेल राउंडहँड या तिरक्या, वळणदार टाइपात लागणार. मॅथ्यू कार्टर या टाइप डिझायनरने तो १९६०च्या दशकात चार्ल्स स्नेल या जुन्या इंग्रज लेखनगुरूच्या वळणावरून काढला. तोवर छापखान्यातल्या धातूच्या खिळ्यांत तिरकी, एकमेकांत गुंतलेली अक्षरं बसवणं म्हणजे डोकेदुखी होती, कारण खिळ्याबाहेर आलेलं नाजूक टोक हमखास तुटायचं. फोटोटाइपसेटिंगमध्ये, म्हणजे अक्षरं फोटोसारखी उमटवण्यात, खिळाच उरला नाही आणि अक्षरांना हातपाय पसरायला जागा मिळाली.

“मराठी पण अगदी तस्संच हवं, ताई,” मुलगी म्हणाली.

काकूंनी कपाटातून स्वतःच्या लग्नाची पत्रिका काढून दाखवली. पिवळा कागद, लाल शाई, “शरीरसंबंध करण्याचे योजिले आहे.” मुलगी ते वाचून पाच मिनिटं हसत होती. मी मात्र त्या टाइपाकडे बघत होते. ठसठशीत, गोल, बिनतक्रार. काही करायची गरजच नव्हती त्याला.

संध्याकाळी बाजारात काय आहे ते चाळलं. हस्ताक्षरी देवनागरी म्हटलं की पहिला येतो ‘कलम’. इंडियन टाइप फाउंड्रीचा, फुकट मिळणारा, आणि खरंच गुणी. पण तो बॉलपेनाच्या घराण्यातला आहे. डब्यावर चिठ्ठी चिकटवायला छान, सोन्यात लावायला नाही. दुसऱ्या टोकाला बोरूचे सुलेखनी फॉन्ट, जाड आणि दमदार. ते मंडळाच्या कमानीवर शोभतात. मधली जागा जवळजवळ रिकामी. तेव्हा पत्रिकेतल्या शब्दांपुरता फॉन्ट मीच काढायचा असं ठरलं. कामचलाऊ नाव ‘वेल’.

११ जुलै

टोकदार निब, दौत, आणि दिवसभर ‘शुभविवाह’.

राउंडहँडची गंमत दाबात आहे. निबची दोन पाती खाली ओढताना दाबली की फाकतात, रेष जाड होते. वर जाताना आणि आडवी जाताना ती केसाएवढीच राहते. म्हणजे मराठीत काय होणार? शिरोरेषा कायम केसाएवढी आणि प्रत्येक उभी दांडी जाड. ‘शुभविवाह’ या एका शब्दात सहा उभ्या दांड्या आहेत, मी मोजल्या. कागदावर जे उमटलं ते कुंपण होतं. वर कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी शिरोरेषा आणि तिला लटकवलेल्या सहा काठ्या.

इंग्रजीतही दांड्या कमी नसतात. ‘मिनिमम’ हा शब्द इंग्रजीत लिहिला तर पंधरा येतात. पण तिथे प्रत्येक दांडीच्या पायाशी रेष वळते, केस होते आणि पुढच्या दांडीच्या खांद्यावर चढते. डोळा त्या चढावरून सरकत जातो. आपलं अक्षर जोडलं जातं ते डोक्याशी. पायाशी आलेल्या रेषेला पुढे जायला वाटच नाही, ती तिथेच संपते. मी खाली शेपट्या काढून बघितल्या. ‘व’ची शेपटी ‘ा’च्या पायाला चिकटली की तिथे उकार दिसायला लागतो. ‘वुिवाह’सारखं काहीतरी झालं. वही मिटली.

१२ जुलै

तिरकेपणाचाही बोऱ्या. राउंडहँड उभ्यापासून पस्तीसेक अंश कलतो. देवनागरी तेवढी कलवली की शिरोरेषा आडवीच राहते आणि खालची अक्षरं वाऱ्यात उडणाऱ्या कपड्यांसारखी दिसतात. वीस अंश केले, पंधरा केले. आठवर थांबले.

१९ जुलै

उलट बाजूने विचार करायचा म्हणून मोडीकडे वळले. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळात पूर्वी मोडीचा वर्ग केला होता, त्याच्या वह्या माळ्यावरून काढल्या. वाचन आता अडखळत होतं, पण मला वाचायचं नव्हतंच, हात बघायचा होता.

मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. शब्दांत अंतर नाही. ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, वेलांटी एकच, उकार एकच. ही सगळी सोय हात उचलायला लागू नये म्हणून. अक्षर रेघेवरून खाली उतरतं, वळसा घेतं आणि पुन्हा रेघेकडे वर चढतं, काना त्याच झोक्यात निघतो. म्हणजे इंग्रजी वळण खालून पुढे सरकतं आणि मोडी वर परत येऊन पुढे सरकते. दोघी धावत्याच, फक्त वाटा वेगळ्या.

हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं आणि मी निबची पाती फाकवत बसले होते.

मोडीची अक्षरंच वापरायचा मोह झाला. युनिकोडमध्ये ती २०१४पासून आहेतही. पण पत्रिका वाचता आली नाही तर पाहुणे कार्यालयात पोचणार कसे? अक्षर बाळबोधच ठेवायचं, हाताची वाट तेवढी मोडीची घ्यायची.

२३ जुलै

आज ‘व’ सापडला.

शाळेत आपण ‘व’ दोन झटक्यांत शिकतो: आधी पोट, मग हात उचलून वरून खाली दांडी. मी पोट काढून दांडीच्या मध्याशी आले आणि हात न उचलता तशीच वर चढले, शिरोरेषेला टेकले आणि त्याच वाटेने खाली उतरले. चढताना आणि उतरताना रेष तंतोतंत एकावर एक बसत नाही. मध्ये एक फट राहते, वर बंद, खाली बंद, मध्ये जरा फुगलेली. जाईच्या पानासारखी. दांडी जाड न करता तिला वजन आलं, आणि ते वजन शाईचं नाही, पांढऱ्याचं आहे.

हीच युक्ती ‘ब’, ‘प’, ‘म’, ‘स’, ‘न’ सगळ्यांना लागू पडते. कुंपण गेलं. रेषेची जाडी आता सगळीकडे एकच, फॉन्टमध्ये अक्षर ज्या हजार युनिटांच्या चौकटीत काढतात, तिच्यात अठरा. दाबाचं जाड-बारीक पूर्ण काढून टाकलं. तसंही ते आपलं नव्हे. बोरूत जाड-बारीक येतं ते तासलेल्या टोकाच्या कोनामुळे, आणि देवनागरीच्या बोरूचा छेद रोमनच्या उलट तिरका असतो. टोकदार निबचं शास्त्र त्यावर चढवणं म्हणजे नऊवारीला झिप लावण्यासारखं.

५ ऑगस्ट

शिरोरेषेने पंधरा दिवस खाल्ले.

फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्यावर थोडा चढवतं. छापील टाइपात ही रेघ सरळ असते, त्यामुळे जोड कळत नाही. माझी रेघ हाताची आहे, तिला किंचित लहर आहे. ‘म’ची लहर खाली संपते, ‘ह’ची वर सुरू होते आणि मध्ये पायरी पडते. चोवीस पॉइंटात पायरी दिसत नाही, पण रेष थरथरल्यासारखी वाटते. म्हाताऱ्या माणसाची सही असावी तशी.

शेवटी नियम केला: प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना ठरलेल्याच उंचीवर, ठरलेल्याच जाडीत आणि सपाट. लहर फक्त मध्ये. पायऱ्या गेल्या. लगेच नवं दुखणं आलं. ‘ा’ प्रत्येक वेळी तीच लहर घेऊन येतो. “आपण सहकुटुंब सहपरिवार” या तीन शब्दांतच तो किती वेळा आलाय हे शोधायला डोळ्यांना कष्ट पडत नाहीत, लहरी मोजल्या की झालं. हात असा लिहीत नाही. म्हणून ‘ा’ची तीन रूपं, ‘र’ची दोन, ‘स’ची दोन काढली आणि आळीपाळीने यावीत असा कॉन्टेक्स्चुअल आल्टरनेट्सचा, म्हणजे शेजार बघून रूप बदलायचा, नियम लिहिला.

शब्दाच्या सुरुवातीला रेघ निमुळती व्हावी आणि शेवटी जरा पुढे जाऊन विरावी, हेही त्याच नियमातून. अरबीला शब्दारंभ आणि शब्दान्त ओळखून रूप बदलायची सोय आयती मिळते. आपल्याकडे ‘आधीचं अक्षर नाही’, ‘पुढचं अक्षर नाही’ असं सांगत आडवळणाने जावं लागतं.

६ ऑगस्ट

स्वल्पविरामाच्या आधी शब्द संपला हे नियमाला कळत नव्हतं. विसर्ग आणि टिंबाचंही तेच. ‘चि.’ आणि ‘सौ.’ दोन्ही त्यात अडकलेले. दुरुस्त.

१४ ऑगस्ट

ऱ्हस्व वेलांटी. तिची कमान व्यंजनाच्या दांडीपर्यंत पोचली पाहिजे आणि व्यंजनं तर अरुंद-रुंद. सहा लांबीच्या कमानी काढल्या. ‘ष्ठि’साठी सातवी लागेल असं वाटलं, पण मजकुरात ‘ज्येष्ठ चिरंजीव’ आणि ‘कनिष्ठ कन्या’ एवढंच आहे, ‘प्रतिष्ठित’ कुणी नाही. सुटले.

‘वऱ्हाडी’ने मात्र अर्धा दिवस घेतला. काकूंनी मजकूर व्हॉट्सअॅपवर दोनदा पाठवला, एकदा स्वतः, एकदा मुलीकडून. स्क्रीनवर दोन्ही सारखे. माझ्या फॉन्टमध्ये काकूंचा ‘ऱ्हा’ नीट आणि मुलीचा ‘र्हा’. पापणीसारखा अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि मागे न दिसणारा जोडक देऊन. मी पहिलाच धरला होता. मराठी फॉन्ट काढणारीने हे विसरावं म्हणजे कमाल. पापणीचं चित्र मात्र मस्त बसलं, एकाच झोक्यात ‘ह’च्या डोक्यावरून.

‘ल’ पाकळीचाच काढला आणि ‘श’ देठाचा. २०२२च्या शासन निर्णयाने हीच रूपं मराठीची म्हणून सांगितली आहेत. त्याने न सांगितलं तरी मी दंडाचा ‘ल’ काढला नसता. नाजूक रेषेत पाकळीचा ‘ल’ म्हणजे आयती मेजवानी. आकड्यांतले ५, ८, ९ मराठी वळणाचे आहेत ना, तेही तपासलं.

२९ ऑगस्ट

पहिला प्रिंट घेऊन कोथरूडला. मुलगी खूश. काकू खूश. आजोबांनी पत्रिका हातात घेतली, लांब धरली, जवळ धरली, चष्मा पुसला.

“अगं, यात लग्न कुठे आहे?”

चौदा पॉइंटातला मजकूर त्यांना धुरासारखा दिसत होता. मुलगी म्हणाली, आजोबा, एलिगंट असतं असं. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी शांतपणे दासबोध काढला. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे हे मला ठाऊक होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं, हेही आठवत होतं. आजोबांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच ओवीवर. समर्थ तिथे बजावतात की तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते कामाला येत नाही, मध्यम लिहावं.

यावर डिझायनरने काय बोलायचं? चहा घेतला आणि निघाले.

३ सप्टेंबर

प्रेसवाल्या काकांकडे. आजोबांचं म्हणणं त्यांनी मिलिमीटरमध्ये सांगितलं. “या खडबडीत कागदावर ०.२ मिमीच्या खाली रेष गेली की फॉइल धरणार नाही. सुटी सुटी पडेल. मग मला बोलू नका.”

चौदा पॉइंट म्हणजे ४.९४ मिमी. त्यात चोवीस युनिटांची रेष धरली तरी ०.१२ मिमी भरते आणि माझी तर अठराची. ०.२ मिमी हवी तर एक्केचाळीस युनिटं लागतात, मी बेचाळीस धरली. चोवीस पॉइंटात तीच ०.२ मिमी चोवीस युनिटांत येते. म्हणजे एका फॉन्टने भागत नाही. दोन करायचे, मोठ्या ओळींसाठी ‘वेल बारीक’ आणि मजकुरासाठी ‘वेल मध्यम’. समर्थांचाच सल्ला.

नुसती रेष फुगवून चालत नाही. बेचाळीस युनिटांत ‘व’च्या दांडीतली पानासारखी फट बुजते आणि तिथे सोन्याचा गोळा होतो. मध्यममध्ये फट काढून टाकली, दांडी एकेरी केली, अक्षरं जरा रुंद केली, मात्रांचे डोळे उघडले, अंतर वाढवलं. फट गेल्याचं दुःख झालं. पण गंमत अशी की दोन्ही शेजारी ठेवले तर मध्यमच जास्त हलका दिसतो. बारीक रेषा एकमेकींजवळ कोंबल्या की त्यांचा राखाडी डाग होतो. जाडसर रेषेला भोवती हवा दिली तर ती वेगळी उठून दिसते.

१६ सप्टेंबर

उद्या विसर्जन. पेठांतले निम्मे रस्ते बंद, टिळक रोडवरून चालत प्रेसवर पोचले. ब्लॉकचा, म्हणजे फॉइल दाबायच्या कोरीव साच्याचा, पहिला ठसा तयार होता.

शिरोरेषेवर पांढरे तीळ. प्रत्येक अक्षराच्या जोडावर एक, अगदी नेमाने. काका म्हणाले, “ही तुमची डिझाइन आहे का?”

चूक माझीच. प्रेसच्या मशीनवर फॉन्ट नको म्हणून मी अक्षरांच्या आउटलाइन, म्हणजे नुसते आकार, करून फाइल दिली आणि आकार एकजीव करायचे विसरले. दोन तुकडे जिथे एकावर एक चढतात ती जागा त्यांच्या सॉफ्टवेअरने भोक समजून कोरली. स्क्रीनवर आणि माझ्या प्रिंटरवर हे दिसलंच नव्हतं. ब्लॉकचा खर्च माझ्याकडून. रात्री बसून सगळं एकजीव केलं, चारदा मोठं करून पाहिलं.

मनात आलं ते इथे लिहून ठेवते: तीळ वाईट दिसत नव्हते. एखाद्या संक्रांतीच्या कामाला मुद्दाम करून बघायला हवेत.

१८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. काकूंचा फोन: “आता घट बसेपर्यंत काही छापायचं नाही हं.” मी नुसत्या ब्लॉकबद्दल विचारलं. ब्लॉकसुद्धा नाही.

सक्तीच्या सुट्टीत ‘विनंती’चा फराटा काढला. मजकुराचा तो शेवटचा शब्द. दीर्घ वेलांटीची दांडी ओळीखाली उतरते, उजवीकडे वळते आणि कागदाच्या कोपऱ्यापाशी एक वळसा घेऊन थांबते. अख्ख्या पत्रिकेत हा एकच फराटा. इंग्रजी बाजूला मुलीने सात ठिकाणी लावले होते, तिला विनवून दोनवर आणले. किती वेळा काढला असेल, साठेक. वळसा फार गोल झाला की जिलबी दिसते आणि फार चपटा झाला की चमचा.

२५ सप्टेंबर

पत्रिकेत खाली “आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!” असते ना, ती ओळ मी फॉन्टमध्ये लावली होती. थोरल्या मुलीची सहा वर्षांची कन्या म्हणाली, मी लिहिते. लिहू दिलं. पेन्सिल, दुरेघी कागद, जीभ बाहेर. आधी सगळी अक्षरं बिनडोक्याची काढली आणि मग पट्टी न घेता एकच रेघ, पहिल्या ‘आ’पासून उद्गारचिन्हापर्यंत, शब्दांमधल्या जागांवरूनसुद्धा. मोडीवाला आधी ओढतो, हिने नंतर ओढली एवढाच फरक.

स्कॅन केलं, रेषा ०.२ मिमीच्या वर आहेत एवढं बघितलं, बाकी हात लावला नाही. फॉन्ट त्या ओळीसमोर फार शहाणा वाटायला लागला आहे, पण आता इलाज नाही.

३ ऑक्टोबर

घट बसले. नवा ब्लॉक टाकला. रात्री बातमी आली की मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ग्रुपवर पेढे वाटणं चालू आहे. माझ्याकडे इंडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ज्येष्ठ’चा ‘ष्ठ’ तुटून ‘ष्‌ठ’ दिसतोय. तासभर फॉन्टचे नियम तपासले. फॉन्ट निर्दोष. नव्या फाइलमध्ये परिच्छेदाचा कम्पोझर, म्हणजे अक्षरं जुळवणारी सेटिंग, साधा राहिला होता. वर्ल्ड-रेडी निवडला आणि अभिजात झालं.

९ ऑक्टोबर

छपाई. सहाशे प्रती. पहिल्या पन्नास काकांनी स्वतः उभं राहून काढल्या. उष्णता जरा जास्त होती तेव्हा ‘श्री’च्या गाठीत फॉइल भरत होतं, ती कमी केली तर फराट्याचं टोक उमटेना. दोन्ही जमतील अशी जागा चाळिसाव्या प्रतीला सापडली. काका छपाईबद्दल कधी चांगलं बोलत नाहीत. आज एक प्रत बोटांत धरून उजेडात तिरकी केली आणि म्हणाले, “वाचता येतंय.”

१४ ऑक्टोबर

पत्रिका पोचवल्या. आजोबांनी चष्म्याशिवाय मुहूर्ताची वेळ वाचून दाखवली, मिनिटांसकट.

पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवायची म्हणून काकूंनी गठ्ठ्यातून एक काढली. पाण्यात कालवलेलं हळद-कुंकू बोटावर घेतलं आणि चारी कोपऱ्यांना लावलं. उजव्या खालच्या कोपऱ्याला जरा जास्तच. फराट्याचा वळसा पूर्ण त्याखाली गेला.

“छान झालीये गं,” काकू म्हणाल्या, आणि पुढची घेतली. नातेवाइकांच्या सगळ्या प्रतींना लावणार आहेत.

उरलेलं काम: ‘ङ’, ‘ञ’, ‘ॠ’ काढलेले नाहीत. ‘प्रतिष्ठित’साठी सातवी वेलांटी. फराट्याचं डावीकडे वळणारं एक रूप, कोपऱ्यापासून दोन इंच आत थांबणारं.